आमच्या लेकीचं प्रोबायोटिक मध्येच बंद झालं तेव्हा

२९ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, डॉक्टरांसाठी एक पत्र काढलं. वेळेआधी जन्मलेल्या, अजून रुग्णालयात असलेल्या बाळांना प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी चांगले मानले जाणारे जिवंत जंतू, दिलं तर त्यातले जंतू रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं, असा त्याचा मथितार्थ. जन्मतः एक किलोहून कमी वजनाचं एक बाळ दगावलं होतं. त्याच्या रक्तात सापडलेला बायफिडोबॅक्टेरियम त्याला दिलेल्या प्रोबायोटिकमधल्या जंतूशी जनुकीय तपासणीत जुळला होता. त्या आठवड्यात आमची लेक न्यू जर्सीतल्या एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. जन्माच्या वेळी ९४० ग्रॅम. आणि रोज दुपारच्या दुधाबरोबर तिच्या नळीतून प्रोबायोटिक जात होतं.

थोडक्यात, पत्रात ज्या बाळांबद्दल लिहिलं होतं त्यातलंच एक आमच्यासमोर झोपलेलं होतं.

हे सगळं लिहून काढावं असं वाटलं, कारण ओळखीपाळखीतून फोन येतात. 'तुमच्या बाळाला दिलं होतं ना? आमच्याला द्यावं का?' फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात माझं बीपी औषधांना दाद देईना. लघवीतून प्रथिनं जायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, मला फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम, आणि मग सीझर. त्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, पण ते पुन्हा कधी तरी.

सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी फुप्फुसं आणि मेंदू. श्वासाला आधार म्हणून सीपॅपचं यंत्र, श्वास थांबू नये म्हणून कॅफीन, डोक्याची सोनोग्राफी. पोटाबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं, कारण पोटाला कामच नव्हतं. नाळेतून आत घातलेल्या नळीनं टीपीएन, म्हणजे शिरेतून सगळं पोषण, चालू होतं. मग एका राउंडला डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता माझं लक्ष तिच्या पोटाकडे. एनईसी हा शब्द तुमच्या कानावर आलाय का?" आला नव्हता. रात्री गूगल करू नका असंही त्यांनी बजावलं. अर्थातच केलं.

नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. आतड्याच्या अस्तराला सूज येते, काही भाग मरायला लागतो, भिंतीच्या आत हवेचे बुडबुडे शिरतात, कधी आतडं फुटतं. दीड किलोच्या आत जन्मलेल्या शंभर बाळांपैकी साधारण पाच ते दहा जणांना हा आजार होतो, आणि त्यांच्यातली वीस ते तीस टक्के वाचत नाहीत. वाचलेल्या काहींचं इतकं आतडं काढावं लागतं की पुढे कितीतरी काळ शिरेतूनच पोषण द्यावं लागतं. याची रीत मात्र मला फार क्रूर वाटली. बाळ अगदी नाजूक असतं तेव्हा तो सहसा येत नाही. बाळ स्थिरावतं, दूध पचवायला लागतं, आईबाप जरा निर्धास्त होतात, तेव्हा येतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला जन्मानंतरचा तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात जपावा लागतो.

कारण एक नाही. आतडं कच्चं असतं, त्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो, आणि त्यात वस्तीला येणारे जंतू चुकीचे असतात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना आणि नंतर अंगावर पिताना आईकडून जंतू घेतं. आमचीसारखी बाळं सीझरनं येतात, लगेच अँटिबायोटिक घेतात, पेटीत राहतात. त्यांच्या आतड्यात पहिली हजेरी क्लेब्सिएला, एन्टेरोबॅक्टर अशा रुग्णालयी मंडळींची लागते. दुसरीकडे आईच्या दुधात काही साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? तर बायफिडोबॅक्टेरियासाठी. हे जंतू त्या साखरा खातात, आम्ल तयार करतात आणि आतड्यात इतरांना पाय रोवू देत नाहीत. जेवण वाढून ठेवलंय पण जेवणारेच आले नाहीत, अशी या बाळांची गत. प्रोबायोटिक द्यायचं ते याचसाठी.

आई तोवर नाशिकहून आली होती. मी तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपलं विरजण आधी लावून टाकायचं, दुसरं काही धरायच्या आत." इतक्या नेमक्या शब्दांत मला आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. मात्र तिचं पुढचं वाक्य होतं, "मग बोटभर ताक का नाही चाटवत?" यावर मी हसले, पण तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जी मोठी चाचणी झाली, तिच्या मिश्रणातल्या तीन जंतूंपैकी एक, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस, योगर्टच्या विरजणातही असतो. फरक एवढाच की घरच्या ताकात त्याच्यासोबत आणखी कोण कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं. एक किलोच्या बाळाच्या बाबतीत हा फरक एवढासा राहत नाही.

आमच्या युनिटमध्ये त्या वेळी ठरावीक वजनाखालच्या बाळांना, आईबापांशी बोलून, प्रोबायोटिक सुरू करायची पद्धत होती. डॉक्टरबाईंनी एक माहितीपत्रक हातात दिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या अर्ध्या तासाबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन, कारण त्यांनी विकायचा प्रयत्न केला नाही. त्यांचं म्हणणं असं: जगभरच्या पन्नासाहून जास्त चाचण्या, दहा हजारांवर बाळं, सगळं एकत्र करून पाहिलं तर एनईसीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. हे ऐकून कोणीही सही करेल. पण थांबा. चाचण्या छोट्या, प्रत्येकीत जंतू वेगळा, डोस वेगळा, बऱ्याच चाचण्यांचा दर्जा बेताचा. आणि एक किलोखालच्या बाळांचाच आकडा वेगळा काढला तर फायदा स्पष्ट दिसत नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याबद्दलच माहिती सगळ्यात कमी.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या चाचणीत सुमारे अकराशे बाळं होती. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एनईसी ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला होता. इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत तेराशेवर बाळं, जंतू एकच, बायफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह. २०१६ मध्ये छापून आलं की काही फरक पडला नाही: एकीकडे ९ टक्के, दुसरीकडे १०. पण या दुसऱ्या चाचणीत एक गंमत आहे. ज्या बाळांना जंतू दिलाच नव्हता, त्यांच्यातल्याही जवळजवळ निम्म्या बाळांच्या पोटात तो पुढे सापडला. नर्सचे हात, शेजारच्या पेट्या, एकच खोली. विरजण शेजारच्या भांड्यातही गेलं होतं.

नवरा इंजिनिअर. त्यानं रात्री बसून ओडिशातला अभ्यास शोधून काढला, २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. साडेचार हजारांवर नवजात बाळं, खेड्यातली, एक लॅक्टोबॅसिलस आणि सोबत त्याच्या खाण्याची साखर. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. तो फार खुशीत होता, भारतातला अभ्यास म्हणून थोडा जास्तच. मी वाचत खाली गेले. ती सगळी बाळं दोन किलोंच्या वरची आणि पस्तीस आठवडे पार केलेली होती. तो अभ्यास सुंदर आहे, पण आमच्या पोरीचा नव्हता. प्रोबायोटिकबद्दल घरोघरी जे वाद होतात त्यातले निम्मे, माझ्या मते, एका गटाच्या बाळांचा पुरावा दुसऱ्या गटाच्या बाळांना लावल्यानं होतात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगून टाकलं होतं की सरसकट सगळ्यांना देऊ नका, एक किलोखालच्यांना तर नकोच. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये काही ठरावीक जंतूंची नावं घेऊन अटींसह होकार दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये म्हटलं की बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि आईचं किंवा दात्या आईचं दूध पिणाऱ्या बाळांना देण्याचा विचार करता येईल. शहाणी माणसं तेच कागद वाचून वेगवेगळ्या गावी पोचली होती. आम्ही हो म्हटलं. माझी मामेबहीण, ताई, पुण्यातल्या एका एनआयसीयूत सिस्टर आहे. तिला फोन केला तेव्हा तिनं हो-नाही काहीच सांगितलं नाही. तिनं विचारलं, "कुठला स्ट्रेन, म्हणजे जंतूचा नेमका कुठला वाण? आणि कालवतात कुठे?"

दुसरा प्रश्न तेव्हा मला कळला नव्हता. नंतर कळला. पुडी फोडली की पावडर हवेत उडते, हाताला लागते. त्याच हातानं शिरेतल्या नळीला हात लावला तर जंतू थेट रक्तात. म्हणून ते दूध तयार करण्याची जागा वेगळी हवी, पेटीपासून आणि सलाईनपासून लांब. आमच्याकडे ते दुधाच्या खोलीतच तयार होऊन सिरिंजमध्ये भरून यायचं.

दुधाच्या खोलीवरून आठवलं. प्रोबायोटिक हा विषय चर्चेला फार छान आहे, पण माझे दिवस ज्यात गेले तो होता पंप. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी चिकाच्या दुधाचे काही थेंब आले, ते सिस्टरनं सिरिंजमध्ये असे गोळा केले की जणू केशर. कापसाच्या बोळ्यानं ते बाळाच्या गालांना आतून लावले. मग नळीतून दर तीन तासांनी दोन मिलिलिटर, तेही नुसतं आतड्याला सवय लागावी म्हणून. एनईसीपासून वाचवणाऱ्या सगळ्या उपायांत ज्याच्याबद्दल कोणाचंच दुमत नाही असा उपाय हाच: आईचं दूध, आणि ते पुरत नसेल तर पावडरच्या दुधाऐवजी दात्या आईचं, पाश्चराइज केलेलं. बीपीची औषधं, झोप नाही, बाळ छातीशी नाही. माझं दूध पहिल्या आठवड्यात पुरत नव्हतं. दात्या दुधाच्या संमतीपत्रावर सही करताना हात थोडा अडखळला, दुसऱ्या बाईचं दूध म्हणून. आईनं मात्र त्यावर जराही विचार केला नाही. तिला मुंबईच्या सायन हॉस्पिटलची दूधपेढी माहीत होती, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. तिच्या मैत्रिणीचा नातू तिथल्या दुधावर वाढला होता. "त्यांनी तेव्हा घेतलं, तुला आता काय झालं?" एवढंच म्हणाली आणि अळिवाची खीर करायला गेली. अळिवानं दूध वाढतं की नाही याचा पुरावा मी शोधला नाही. खीर मात्र रोज खाल्ली.

दूध चढत्या क्रमानं वाढलं. टीपीएन कमी झालं. बाळानं वजनाचा किलो ओलांडला त्या दिवशी सिस्टरनी पेटीला कागदाचं फूल चिकटवलं. आणि मग ते पत्र आलं.

आम्हाला ते नवऱ्याच्या मोबाइलवर आधी दिसलं, डॉक्टरांकडून नंतर. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सिरिंजवर प्रोबायोटिकचं लेबल नव्हतं. मी विचारलं, तर सिस्टर म्हणाली फार्मसीनं थांबवलंय, डॉक्टर बोलतील. त्या बोलल्या, पण सकाळी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. युनिटमध्ये कोणावरही संकट आलं नव्हतं. त्यांनी थांबवलं कारण पत्रात असंही होतं की आजार टाळण्यासाठी हे देणं म्हणजे औषध देणं आहे, आणि तसं द्यायचं तर प्रायोगिक औषधासाठी लागते तशी परवानगी काढा. एका रात्रीत ती कोण काढणार?

इथे मला स्वतःचं मत सांगायचंय. खरी गोम त्या एका बाळाच्या मृत्यूच्याही आधीची आहे. अमेरिकेत तान्ह्या बाळांसाठी औषध म्हणून मान्यता मिळालेलं एकही प्रोबायोटिक नव्हतं. जे मिळत होतं ते खाद्यपदार्थाच्या किंवा पूरक आहाराच्या नियमांखाली बनत होतं. २०१४ मध्ये कनेक्टिकटमध्ये एक अपुऱ्या दिवसांचं बाळ दगावलं, तेव्हा दोष जंतूचा नव्हता. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत बुरशी होती. नऊ वर्षं गेली. एनआयसीयूत औषध म्हणून वापरायचं आणि कारखान्यात खाऊ म्हणून बनवायचं, ही सोय सगळ्यांना चालत होती: कंपन्यांना, डॉक्टरांना, आणि माहितीपत्रकावर सही करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही. एफडीएनं इशारा दिला ते बरोबर होतं. पण त्यानंतर औषधाच्या दर्जाचं काही हातात न देता नुसतं दार लावलं, आणि मागे उरला एनईसी, जो कोणाच्या परवानगीची वाट बघत नाही.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, आता तिच्या पोटातल्या जंतूंचं काय? त्या म्हणाल्या, बसलेले असतील तर तुझ्या दुधावर जगतील. आणि शेजारच्या पेटीतल्या बाळाला कधीच दिलं नव्हतं, त्याच्याही पोटात कदाचित असतील.

त्यानंतर काही दिवसांतच पोट फुगलं. सकाळी हात धुऊन आत गेले तर सिस्टर टेपनं पोटाचा घेर मोजत होती, दुसऱ्यांदा. कातडी ताणलेली, चकचकीत, आतड्याची वेटोळी वरून दिसत होती. नळीतून मागे आलेलं दूध हिरवट. रात्रभरात श्वास थांबण्याचे, ठोके मंदावण्याचे अलार्म वाढले होते. दूध बंद. तोंडातून जाड नळी घालून पोट रिकामं करणं सुरू, पुन्हा सलाईन, दोन अँटिबायोटिक, दर सहा तासांनी एक्स-रे. एक गोष्ट मी तेव्हाही लक्षात ठेवली: रक्तात जंतू वाढतात का हे बघायला ते कल्चरला पाठवताना डॉक्टरबाईंनी एकाऐवजी दोन बाटल्या मागितल्या. बायफिडोबॅक्टेरियम हवेत वाढत नाही, नेहमीच्या बाटलीत तो सुटून जाऊ शकतो. बाळाला प्रोबायोटिक दिलं होतं हे प्रयोगशाळेला कळवलं तरच ते त्याला शोधतात.

तो दिवस आणि ती रात्र मी एक्स-रेच्या पडद्याकडे बघत काढली. मला त्यात काही कळत नव्हतं. भिंतीत बुडबुडे आहेत का, यकृतावर हवा दिसते का, एवढेच दोन प्रश्न. प्रत्येक वेळी रेडिऑलॉजिस्टचं उत्तर यायचं: आतडी फुगलेली, बुडबुडे नाहीत. दोन्ही बाटल्यांत काही उगवलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट मऊ लागलं. फाईलमध्ये लिहिलं गेलं: एनईसीचा संशय, पहिली पायरी. या पायऱ्या १९७८ मध्ये बेल नावाच्या सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवल्या, आणि पहिल्या पायरीवरची कितीतरी बाळं मुळात एनईसीची नसतातच. नुसतं कच्चं पोट रुसलेलं असतं.

मी विचारायचं ते विचारलंच. "बंद केलं म्हणून झालं का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालू असताना झालं असतं तर तुम्ही विचारलं असतं, दिलं म्हणून झालं का. दोन्ही वेळा माझं उत्तर एकच असतं: या एका बाळापुरतं मी सांगू शकत नाही." मला राग आला. त्या खोलीत कोणीतरी खात्रीनं बोलावं असं फार वाटत होतं. आज वाटतं की खात्रीनं बोलणारं कोणी तिथे नव्हतं तेच बरं. निम्म्यावर येतं म्हणजे शंभरातल्या सहांऐवजी तिघांना होतो. उरलेल्या चौऱ्याण्णवांना तो दोन्हीकडे होणारच नव्हता. आपलं बाळ ज्यांचा टळला त्या तिघांतलं, तरीही ज्यांना झाला त्या तिघांतलं, की चौऱ्याण्णवांतलं, हे पोट फुगल्यावरही कळत नाही.

दूध पुन्हा एक-एक मिलिलिटरनं सुरू झालं. याच काळात मी तिला जास्तीत जास्त वेळ छातीशी घेऊन बसायला लागले, कांगारू पद्धतीनं, सगळ्या वायरींसकट. नवराही बसायचा, शर्टाची बटणं उघडून, हलायला घाबरत. दिवाळी तिथेच झाली. आईनं चिवड्याचा डबा सिस्टर लोकांना नेऊन दिला, तो एका शिफ्टमध्ये संपला.

ऑक्टोबर सरता सरता कळलं की एफडीएनं दोन कंपन्यांना इशारापत्रं दिली आणि रुग्णालयात वापरायची ती उत्पादनं बाजारातून गेली. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे उलटंच आहे. दुकानात दहा प्रकारच्या पुड्या. खरेदी विभाग महिन्याला ब्रँड बदलतो, आणि कोणाला वाटतं प्रोबायोटिक म्हणजे प्रोबायोटिक." तिच्या युनिटमध्ये आता पुडीचं नाव, बॅच आणि आतला स्ट्रेन बाळाच्या चार्टवर लिहायचा नियम तिनं डॉक्टरांकडून करवून घेतलाय. रक्तात काही सापडलंच तर निदान जुळवून तरी बघता येईल.

अलीकडचा फोन नागपूरहून होता, मैत्रिणीच्या नणंदेचा. बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, आता घरी, गर्भारपणापासून मोजलं तर सदतीस आठवड्यांचं झालेलं. जुलाब वाटले म्हणून केमिस्टनं बॅसिलस क्लॉसीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या दिल्या होत्या, आणि तेच 'आतड्याच्या त्या आजारावर' चालतं का असं तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, तो जंतू वेगळा, तुमच्या बाळाचा एनईसीच्या धोक्याचा काळही बराचसा मागे पडलाय, आणि जुलाब खरंच असतील तर कुपी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. ती गेली. जुलाब नव्हतेच, अंगावर पिणाऱ्या बाळाची नेहमीची पातळ शी होती. कुप्या बंद झाल्या. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र सुरूच नव्हते, ते सुरू केले, आणि डोळ्यांच्या पडद्याची राहून गेलेली तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली.